गुरुवारची पावलं

आधीच माफी मागून ठेवतो. ललित लिहावं एवढी माझ्या हाताला भाषेची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कॉलेजात जाऊनही मी शिकलो ते भूभौतिकी, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या हालचालींचं शास्त्र. त्यात वाक्यं कमी आणि रेघा जास्त. गेल्या वर्षीचा उन्हाळा खरं तर कुणा जाणत्या माणसानं लिहायला हवा होता. पण जाणत्यांना तो माहीत नाही आणि मला माहीत आहे, एवढ्याच आधारावर बसलो आहे. कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

भोसरीत पुन्हा उन्हाळा आला आहे. सकाळ थोडी वर आली की आमच्या छपराचे पत्रे तापतात आणि तडतडायला लागतात, कुणी वरून मूठमूठ हरभरे टाकावेत तसे. वर्कशॉपांच्या दारात लेथचा लोखंडी बुरादा उन्हात निळा-जांभळा चमकतो. मशिनवर सोडायच्या तेल-पाण्याचा आंबूस वास गल्लीभर असतो, आणि त्यातच कुणाच्या तरी घरातून कैरीच्या लोणच्याची फोडणी येऊन मिसळते. घरमालकांच्या गच्चीवर आईच्या कुरडया वाळत आहेत. त्यांच्या राखणीला एक काठी उभी करून ठेवली आहे, कावळे तिला अजिबात घाबरत नाहीत. हे सगळं एकत्र जमलं की मला समुद्र आठवतो.

मी समुद्र पाहिलेला नाही. सांगायला जरा लाज वाटते, कारण एम.एस्सी.चा माझा प्रकल्प त्सुनामीवर होता. कोकण काही फार लांब नाही, पण आमचं जाणं कधी झालं नाही, एवढंच. माझा समुद्र म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरची एक थरथरती रेघ. आणि ती रेघ जिथून यायची ते ज्वालामुखीचं बेट इथून इतकं दूर, की आईला नकाशात दाखवलं तर ती म्हणाली, "हितं मानसं ऱ्हातेत?"

राहतात. म्हणूनच तर हे सगळं.

*

आमची खोली एमआयडीसीच्या कडेला आहे. दोन-तीन गल्ल्या पलीकडे फोर्जिंगचा कारखाना. लाल लोखंडावर तिथला हॅमर पडतो तेव्हा आवाज नंतर येतो, आधी तो पायाला कळतो. पप्पा त्याच हॅमरवर कामाला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते साधं "पाणी दे" हेसुद्धा पलीकडच्या शिफ्टला हाक मारल्यासारखं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरची जमीन अशीच हलते. सातवीत सहलीला गेलो, एका शाळेत मुक्काम होता, तर मला झोपच लागेना. अंगाखालची फरशी गप्प होती.

हॅमरमुळे आमच्या मांडणीवरची भांडी जागेवर राहत नाहीत. रोज केसभर पुढे सरकतात. दिसत नाही, पण आठवड्याभरात पितळेचा डबा फळीच्या कडेला येऊन उभा राहतो. म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका भांड्यांखाली चिंध्यांच्या घड्या घालतात, आणि गुरुवारी सगळी भांडी पुन्हा भिंतीकडे सारतात. गुरुवारी अशासाठी, की या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. आमच्याकडे रविवार हा नावाला. सोयरिकीची बोलणी, दवाखाना, केस कापणं, मोशीच्या आत्याकडे जेवायला जाणं, सगळं गुरुवारी. शाळा बंद रविवारी आणि वडील घरी गुरुवारी, त्यामुळे मला अख्ख्या दिवसाचे वडील कधी मिळालेच नाहीत. पण गुरुवारची ती शांतता मात्र मिळाली. हॅमर बंद, कॉम्प्रेसर बंद, आणि घरात भांडी मागे सारल्याचा एक घासता, समाधानी आवाज.

पप्पा मूळचे लातूरकडचे. ते लहान असताना तिकडे जमीन हलली होती. घर गेलं, घरातली काही माणसं गेली, उरलेली पोटामागे इकडे आली. याबद्दल ते बोलत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. मी हा विषय घेतला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्येच्यात आदी कळतंय का?"

मी म्हणालो, "भूकंपाचं आधी नाही कळत, पप्पा. कुणालाच नाही."

"मंग?"

त्यांनी चिडून विचारलं नव्हतं. पण त्या "मंग"चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते नसल्याचं मला बराच काळ लागून राहिलं.

*

उत्तराचा एक कोपरा गेल्या उन्हाळ्यात दिसला. विभागातल्या आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रकल्प दिला तो त्या बेटाचा. तिथल्या ज्वालामुखीचा एक उतार आदल्या वर्षी समुद्रात घसरला होता आणि त्यानं उठवलेली लाट किनाऱ्यावरच्या वस्त्यांत शिरली होती.

मॅडम म्हणाल्या, "भूकंपाची त्सुनामी असली तर आधी जमीन हादरते. किनाऱ्यावरची माणसं सावध होतात, पळतात. डोंगर घसरून आलेली असली तर पायाखाली फारसं काही जाणवतच नाही. पाणी न सांगता येतं. पण एवढा डोंगर हलतो तेव्हा भूकंपमापकाला काहीतरी कळतच असणार. काय कळतं आणि केव्हा कळतं, ते शोध."

बेटावरच्या आणि आजूबाजूच्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतात. मी उतरवल्या आणि शोधायला बसलो. काही सापडेना. मी शोधत होतो टोला. आम्हा भोसरीकरांना जमिनीची ती एकच बोली येते: धप्प, आणि मग विरत जाणारी थरथर. त्या नोंदींत ज्वालामुखीची अखंड कुरकुर होती, पण टोला कुठेच नव्हता.

मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "तू हॅमर शोधतोयस. जे भराभर हलतंय ते सगळं गाळून टाक आणि जे सावकाश हलतंय तेवढंच ठेव."

गाळलं. कुरकुर नाहीशी झाली, आणि खालून एक मोठी, संथ लहर वर आली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. हातगाडीवरून उडी मारली की हातगाडी उलट्या बाजूला सरते ना, तसंच डोंगराचा तुकडा खाली निघाला की जमीन मागे ढकलली जाते, आणि तो तळाशी जाऊन थांबला की पुन्हा पुढे. हे कूस बदलणं शेकडो मैलांवरच्या केंद्रांनासुद्धा कळलं होतं. त्यावरून उतार कुठल्या दिशेला घसरला, साधारण केवढा असावा, हे काढता येतं. आणि मुख्य म्हणजे जमिनीतली लहर पाण्यातल्या लाटेच्या कितीतरी पुढे धावते. यंत्राला कळणं आणि पाणी दाराशी येणं यांच्यामध्ये काही मिनिटं असतात.

त्या संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे गल्लीलाही कळलं. तो उतार काही एकाएकी सुटला नव्हता, वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकत होता, हे सांगताना मी मांडणीकडे बोट दाखवलं. पप्पा पितळेच्या डब्याकडे बघत राहिले.

"काई मिंटं म्हंजी किती? भायेर पडाय पुरतेत का?"

"ठिकाणावर आहे. कुठे पुरतात, कुठे नाही."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले. माझ्या शिक्षणाबद्दल ते इतकं कधी बोलले नव्हते.

आई मात्र चुलीकडून म्हणाली, "आन् मानसं? त्या बेटावरची?"

बातम्यांत आकडे होते. नावं नव्हती.

*

यंत्र समजावं म्हणून मॅडमनी विभागातला एक छोटा जिओफोन मला घरी न्यायला दिला होता. वाटीएवढा असतो, जमिनीत रोवायचा, वायर लॅपटॉपला. मी अंगणातल्या लिंबाखाली वीतभर खड्डा घेतला. आमचे घरमालक नाना, भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातले, काठी टेकत आले.

"काय पुरतोय रं?"

"यंत्र आहे, नाना. जमीन हलली की कळतं."

"ही जमीन? आरं, हिच्यावर आमची ज्वारी हुती, तवा हलत न्हवती ती. आता ती थांबली तर सांग मला." मग वाकून खड्ड्यात बघत म्हणाले, "धनबिन लागलं तर अर्धं माझं हाय, आदीच सांगतो."

त्या वाटीएवढ्या यंत्रानं आमचं सगळं अंगण पडद्यावर आणलं. हॅमर तर होताच. पत्र्यांची तडतड बारीक काट्यांसारखी दिसायची. नानांची चाल तीन ठोक्यांची, दोन पाय आणि एक काठी. पप्पांची चाल जड आणि एकसारखी. आई पहाटेची कामं आटपून अंगण झाडायची तेव्हा तिची रेघ मला सगळ्यांत आवडायची: दोन-तीन छोटी पावलं, थांबणं, पुन्हा दोन-तीन पावलं, वळणं, जवळ येणं, लांब जाणं. खराटा दिसत नसे. झाडणारी बाई दिसायची. गुरुवारी संध्याकाळी आई-पप्पा जोडीनं बाजाराला निघत, तेव्हा दोघांची पावलं एकमेकांत अशी गुंतायची की मला ती सोडवून घेता येत नसत, आणि मी तो भाग तसाच पुढे ढकलायचो. तिथे थांबायला हवं होतं, हे आता कळतं.

ही सवय लागली म्हणून बेटावरच्या नोंदीतही मी एक उलटा उद्योग करून पाहिला. प्रकल्पासाठी संथ ते ठेवायचं होतं. मी गंमत म्हणून संथ गाळलं आणि भराभर हलणारं ठेवलं. किनाऱ्याजवळच्या एका केंद्राची नोंद होती, डोंगर शांत असतानाच्या दिवसांतली. त्यात सकाळी, रोज साधारण त्याच सुमाराला, बारीक ठिपके येत होते. दोन-तीन. थांबणं. दोन-तीन. वळणं.

मी आईला हाक मारली. तिला पडद्यावरचं काही कळत नाही, पण तिची स्वतःची रेघ मी तिला दाखवलेली होती. तिनं ती आणि ही शेजारी शेजारी पाहिली.

"झाडायलीय," ती म्हणाली.

कुणीतरी ते केंद्र रोज झाडत होतं. मॅडमना दाखवलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही याला गोंगाट म्हणतो आणि काढून टाकतो. तुझी आई म्हणते बाई आहे? पुरुष झाडत नाहीत का?" आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुज्या म्याडमला म्हनावं, आमच्याकडं या बगायला."

तेव्हापासून आमच्या घरात त्या माणसाचं नाव "बाई" असं पडलं. "बाई आली का आज?" आई कुरडयांचा चीक ढवळता ढवळता विचारायची, जशी काही शेजारची. मी जुन्या नोंदी एकेक दिवस पुढे नेत होतो, आणि त्या जुन्या सकाळी आमच्यासाठी त्या-त्या दिवशी नव्यानं उजाडत. बाई रोज यायची. आठवड्यातून एक दिवस यायची नाही. तो तिच्या सुट्टीचा दिवस.

आणि मला माहीत होतं, आम्ही कुठल्या दिवसाकडे चाललो आहोत ते. त्या केंद्राची नोंद डोंगर घसरल्यावर थोड्याच वेळात तुटलेली होती. पुढे सपाट रेघसुद्धा नव्हती, काहीच नव्हतं. पाणी तिथवर आलं होतं.

*

मी धीर धरून होतो, कारण तो दिवस गुरुवार होता. त्यांच्या तिकडच्या वेळेनं मोजलं तरी गुरुवारच. म्हटलं, सुटली. सुट्टी होती, बाई घरी असणार. प्रकल्पाच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्यही घातलं, की सुट्टीचा दिवस असल्यानं केंद्रावर कुणी हजर नसावं.

मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "सुट्टी होती हे तुला कुठे मिळालं?"

"गुरुवार होता ना, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. "मिलिंद, गुरुवार तुमच्या भोसरीत सुट्टीचा. तिथे कशाला असेल?"

मी इतका ओशाळलो की हसायलाही येईना. आयुष्यभर ज्या दिवशी जमीन थांबताना अनुभवली, तो दिवस जगभर थांबलेला असतो असं मी धरून चाललो होतो. बाईची सुट्टी कुठल्या वारी पडते हे मी मोजून पाहिलंच नव्हतं. तिथेच बसून मोजलं. रविवार.

घरी येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळूनही बाहेर बघवलं नाही. नाशिकफाट्याला उतरलो तर मोटारसायकलवर ओंकार भेटला, माझा शाळेतला मित्र, चाकणला एका कंपनीत कामाला आहे. त्यानं मला मागे बसवलं. म्हणाला, "काय राव, तोंड का पडलंय? बेट बुडालं का तुझं?" मी म्हणालो, बेटावर एक बाई आहे. तो म्हणाला, "आयला भावा, हे बोलला नाहीस कधी!" मग मी सगळं सांगितलं. पावलं, झाडणं, गुरुवार. तो हसायचा थांबला. गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "मग बघ ना त्या दिवसाचं. आली होती का नव्हती, कळंल तरी."

बघायचं मी टाळत होतो. ओंकार हे इतक्या सरळ म्हणाला, की टाळणं आता खोटं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॅमर चालू असताना, मी ती सकाळ उघडली. डोंगराची कुरकुर त्या दिवशी जास्त होती, त्यातून पावलं वेगळी काढायला वेळ लागला. पण होती. बाई आली होती. दोन-तीन पावलं, थांबणं, वळणं. नेहमीचं झाडणं. मग काही काळ काही नाही. मग एकदम पावलांची गर्दी झाली. नेहमीच्या दुप्पट वेगानं, न थांबता, आणि यंत्रापासून लांब लांब जात विरून गेली. त्यानंतर थोड्या वेळानं खालून ती संथ, मोठी कूस बदलणारी लहर आली. मग पाण्याला यायला लागली ती मिनिटं. मग काही नाही.

आई मागे उभी होती. "पळाली," ती म्हणाली.

मलाही तसंच दिसलं. डोंगर सुटण्याआधी तिला काहीतरी कळलं होतं आणि ती पळाली होती. पण कुणीकडे? वर, डोंगराच्या अंगानं? की खाली, किनाऱ्यावर तिचं घर असेल तिकडे? नोंद एकाच यंत्राची होती. पावलं लांब गेली एवढं ती सांगत होती, कुठे गेली ते नाही. मी तऱ्हेतऱ्हेनं मोजून पाहिलं. एका हिशेबानं ती वर जायची आणि मी खूश व्हायचो. गाळणी जरा बदलली की खाली जायची.

मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "या नोंदीतून दिशा निघत नाही. तुला ती वर गेलेली हवी आहे, म्हणून तुला तसं दिसतंय. जे निघत नाही ते लिहायचं नाही." मग थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, "मी तिथल्या वेधशाळेला विचारते."

त्यांनी ईमेल केली. उत्तर आलं नाही.

*

तो उन्हाळा असाच गेला. पन्हं, घामोळं, दुपारी जाणारी वीज, आणि वीज गेली की सगळ्या गल्लीचा एकदम सुटणारा सुस्कारा. आई रोज विचारायची, "त्या बाईचं काई कळलं का?" आणि मी नाही म्हणायचो. पप्पा विचारत नव्हते. पण एकदा जेवताना म्हणाले, "लोक इकडं-तिकडं जातेत. नावं लागायला येळ लागतो. आमचंबी लई दिसांनी कळलं हुतं." पहिल्यांदाच त्यांनी त्या जुन्या गोष्टीचं दार इतकं उघडलं होतं. आम्ही दोघं जेवायचे थांबलो, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून दार पुन्हा लावून घेतलं.

प्रकल्प मी वेळेत दिला. त्यात उतार घसरल्याची वेळ होती, दिशा होती, लाट पोचायला लागलेली मिनिटं होती. संथ लहर यंत्रानं आपोआप ओळखली तर इशारा देता येईल का, यावर शेवटचं प्रकरण होतं. पावलांबद्दल एक ओळ होती: घसरण्याच्या थोडं आधी केंद्राजवळ मानवी हालचाल दिसते, तिची दिशा ठरवता येत नाही. ती एक ओळ लिहायला मला सगळ्या प्रकरणांहून जास्त वेळ लागला. परीक्षकांनी त्या ओळीवर काही विचारलं नाही.

जिओफोन परत केला. खड्डा बुजवला. नाना म्हणाले, "लागलं का न्हाई काई?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मला ठाव हुतं. हितं ज्वारीच निघती."

पुढे मला त्याच विभागात संशोधनाला प्रवेश मिळाला. विषय तोच: डोंगर घसरल्याची संथ लहर यंत्रानं किती लवकर ओळखावी. घरच्यांना मी सांगताना फक्त एवढंच सांगतो, की त्या मिनिटांवर काम करतो. पप्पा ते कारखान्यात सांगतात. "पोरगा मिंटांवर काम करतो," म्हणतात. त्यांच्या सोबत्यांना वाटतं, मला रोजंदारी नसून मिनिटावर पगार आहे.

*

हे लिहायचं कारण परवाचा गुरुवार. हॅमर बंद होता. पत्रे तडतडायला लागले होते. आई खुर्चीवर चढून भांडी मागे सारत होती, मी खाली उभा राहून तिच्या हातात एकेक देत होतो, आणि पप्पा दारात बसून दाढी करत होते. मॅडमचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी पितळेचा डबा काखेत धरूनच घेतला.

"मिलिंद, वेधशाळेचं उत्तर आलंय. त्यांची सगळी माणसं किनाऱ्यावरची केंद्रं पुन्हा उभी करण्यात अडकली होती, म्हणून उशीर झाला म्हणतात. वाचून दाखवते."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला, पप्पांसाठी.

मॅडम एकेक ओळ मराठीत करून सांगत होत्या. केंद्र झाडणारी बाईच होती. सुखरूप आहे. त्या सकाळी ती पळाली नव्हती. तिला काही कळलंही नव्हतं. तिची मुलगी तिला बोलवायला आली होती. वर, डोंगराच्या अंगाला त्यांचं घर आहे, तिथे पाहुणे आले होते. दोघी जोडीनं वर चालत गेल्या. तुम्ही पाठवलेल्या नोंदीत पावलं दुप्पट दिसतात ती त्यामुळे असावीत.

दोघी. आई-पप्पा बाजाराला निघाले की जी गुंतलेली रेघ मी पुढे ढकलायचो, तीच. ती जगात दुसरीकडे कुठे मला ओळखूच आली नव्हती.

फोन ठेवला. पप्पांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता. मग ते म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते फार हळू म्हणाले, "पोरगी बोलवाय आली म्हनून. न्हाईतर?"

"नाहीतर नाही," मी म्हणालो.

"मंग तुजं ते यंत्र लवकर कर. समद्यांच्याच घरी पावनं येत नसतेत."

आई खुर्चीवरच बसली होती. पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. "मी म्हनलं हुतं, बाईच हाय." मग तिला आठवलं. "आता कुटं झाडती ती? ते तर वाहून गेलं."

ते मॅडमनी शेवटी सांगितलं होतं. नवं केंद्र वर बांधलंय, तिच्या घराजवळ. गेल्या महिन्यापासून नोंद पुन्हा सुरू झाली आहे आणि झाडायला तीच येते.

"मंजे आजबी आली आसंल?"

"आली असेल," मी म्हणालो आणि पितळेचा डबा तिच्या हातात दिला. "तिकडे गुरुवारी सुट्टी नसते."